व्यवसाय परवाना अनुपालन

कंपनीला धंदा करायला जे जे परवाने लागतात ते वेळेत काढणं, त्यांच्या अटी पाळणं, मुदत संपायच्या आत रिन्यू करणं आणि हे सगळं केलं याचा कागदोपत्री पुरावा सांभाळणं, या कामाला मिळून परवाना अनुपालन म्हणतात. ऑफिसात बोलताना नुसतं लायसन्स कंप्लायन्स. नोंदणी आणि परवाना यांत फरक करायला हवा: नोंदणीत माहिती दिली की झालं, परवान्यात मात्र आधी परवानगी आणि मग काम, आणि देणाऱ्याला नाही म्हणायचा अधिकार असतो. व्यवहारात ही रेघ बऱ्याचदा पुसट होते, कारण नाव नोंदणीचं असलं तरी अटी परवान्यासारख्याच घातलेल्या असतात.

या पद्धतीचा उगम कुठे मानायचा यावर एकमत नाही. आपल्याकडचे अभ्यासक बहुतेक कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथापासून सुरुवात करतात, आणि त्याला आधारही आहे. दुसऱ्या अधिकरणातल्या (भागातल्या) सुराध्यक्षाच्या, म्हणजे मद्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात ठरवून दिलेल्या जागेबाहेर मद्य बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्यालाही 600 पण (त्या काळचं नाणं) दंड सांगितलाय. पुढे त्याच प्रकरणात उत्सव-यात्रांसाठी चार दिवसांची सूट दिलीय, आणि त्या काळात ज्यांनी परवानगी घेतली नाही त्यांच्याकडून उत्सव संपेपर्यंत रोजच्या रोज दंड वसूल करायला सांगितलंय. मुदतीचा परवाना आणि बिनपरवाना कामाला दिवसागणिक दंड, आजच्या कायद्यांतल्या या दोन्ही गोष्टी इथे जवळजवळ जशाच्या तशा दिसतात. चौथ्या अधिकरणात धान्य आणि मालाचा साठा परवानगी मिळालेल्यांनीच करावा, बाकीच्यांचा साठा पण्याध्यक्षाने, म्हणजे व्यापारावरच्या अधिकाऱ्याने ताब्यात घ्यावा असंही आहे.

अडचण काळाची आहे. कंगले यांच्यासारखे अभ्यासक ग्रंथ मौर्यकालीन, म्हणजे साधारण इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरचा मानतात. ट्राउटमन यांनी 1971 मध्ये शब्दांची वारंवारता मोजून त्यात एकाहून जास्त लेखकांचे हात असल्याचं मांडलं, आणि ऑलिव्हेल मूळ रचना इ.स.पू. पहिल्या ते इ.स. दुसऱ्या शतकाच्या आसपास आणून ठेवतात. नंतरचा काळ धरणं जास्त सुरक्षित वाटतं. शिवाय हा ग्रंथ नियम सांगतो, प्रत्यक्षात तसं चालायचं का हे त्यावरून ठरत नाही, त्यामुळे याला परवाना पद्धतीचा सगळ्यात जुना पुरावा म्हणताना थोडा हात आखडता घेतलेला बरा.

दुसरा गट इंग्लंडकडे बोट दाखवतो. 1495 च्या कायद्याने दोन न्यायाधिकाऱ्यांना एल (बिअरसारखं मद्य) विकणं बंद करायचा आणि विकणाऱ्याकडून चांगल्या वर्तनाचा जामीन घ्यायचा अधिकार दिला. मग सहाव्या एडवर्डच्या काळात, कुणी 1551 लिहितात कुणी 1552 (राज्यवर्ष आणि जुनी वर्षगणना यांचा तो घोळ), परवान्याशिवाय एलहाउस चालवायलाच बंदी आली. परवाना देताना मालकाकडून बंधपत्र आणि जामीनदार घ्यायचे, आत बेकायदा खेळ चालू द्यायचे नाहीत, शिस्त राखायची, आणि अट मोडली तर बंधपत्राची रक्कम जप्त. परवानगी कुणी द्यायची हे तर जुनंच होतं, पण मिळालेल्या परवानगीला अटी बांधणं आणि अट मोडल्याची किंमत आधीच लिहून घेणं, अनुपालनाचं मूळ शोधायचं तर ते इथे जास्त ठळक सापडतं.

तिसरं मत फ्रान्सचं. मार्च 1791 च्या अलार्द हुकुमाने व्यवसायसंघांची मक्तेदारी मोडून कुणालाही कुठलाही धंदा करायला मोकळीक दिली, फक्त पातांत नावाचा कर भरायचा आणि पोलिसी नियम पाळायचे. म्हणजे इथे परवाना ही कराची पावती. इंग्लंडची अटींची आणि फ्रान्सची फीची या दोन परंपरा आजही शेजारी शेजारी नांदतात, एकाच कंपनीच्या फाइलमध्ये एक परवाना फी भरली की आपोआप मिळणारा असतो आणि दुसऱ्यासाठी अधिकारी येऊन जागा बघून जातो. इंग्लंडने 1830 मध्ये बिअरच्या बाबतीत हाच फी भरा आणि चालवा प्रयोग केला, 1869 मध्ये पुन्हा न्यायाधिकाऱ्यांच्या हाती दिलं.

भारतात 1951 च्या उद्योग (विकास आणि नियमन) कायद्याने मोठ्या उद्योगांना परवाना सक्तीचा केला. त्यात क्षमता ठरवून दिलेली असायची, ती वाढवायची तर पुन्हा अर्ज. 24 जुलै 1991 च्या औद्योगिक धोरणाने 18 उद्योग सोडून ही सक्ती उठवली. त्यामुळे परवाने संपले असा समज झाला, पण गेले ते गुंतवणुकीचे परवाने. सुरक्षितता, पर्यावरण, आरोग्य, जागा यांचे राहिलेच, आणि आज कंपनीचा वेळ खातात ते हेच.

प्रत्यक्ष कामात पहिला प्रश्न परवाना कशाला चिकटलेला आहे हा. काही कंपनीच्या नावाला असतात, काही ठरावीक पत्त्याला, काही एका मशीनला किंवा कामाला, आणि काही एका माणसाच्या पात्रतेला. शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा, कारण तो जबाबदार माणूस राजीनामा देऊन गेला की कागदावर तारीख बाकी असूनही पायाच निघून जातो, आणि एचआरच्या लोकांना हे माहीतच नसतं. पत्ता बदलला, डायरेक्टर बदलले, उत्पादन वाढलं, नवीन माल ठेवायला लागले, या प्रत्येक वेळी कुठलातरी परवाना दुरुस्त करून घ्यावा लागतो. कंपनी विकली जाताना शेअर विकले तर परवानाधारक तीच कंपनी राहते, बहुतेक वेळा फक्त मालकी बदलल्याचं कळवायचं किंवा मंजूर करून घ्यायचं असतं. नुसता धंदा आणि मालमत्ता विकली तर परवाने सहसा सोबत जात नाहीत, घेणाऱ्याला नव्याने काढावे लागतात. सौदा कसा करायचा हे कधीकधी एवढ्यावरच ठरतं.

अटी हा खरा गाभा, आणि दुर्लक्षही तिथेच होतं. परवाना फ्रेम करून भिंतीवर लावतात आणि अटी मागच्या पानावर छापलेल्या असल्याने त्या भिंतीकडे तोंड करून बसतात. समजा साठ्याची कमाल मर्यादा लिहिलेली आहे आणि गोदामाच्या स्टॉक रजिस्टरमध्ये एका दिवसाचा आकडा तिच्या वर गेलाय: परवाना चालू, फी भरलेली, तरी उल्लंघन झालंच, आणि पुरावा कंपनीच्याच हस्ताक्षरात. म्हणून परवान्यांच्या रजिस्टरमध्ये नंबर आणि तारखेसोबत प्रत्येक अट वेगळ्या ओळीत, तिचा जबाबदार माणूस नावानिशी आणि पाळल्याचा पुरावा कुठे आहे हे लिहिणं चांगलं. बहुतेक कंपन्यांच्या एक्सेल शीटमध्ये फक्त संपायची तारीख असते.

नूतनीकरणात एक बारीक कायदेशीर मुद्दा आहे. वेळेत अर्ज केला पण निर्णय मुदतीनंतर आला तर मधल्या काळाचं काय? अमेरिकेच्या 1946 च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यात याचं उत्तर स्पष्ट आहे, वेळेत आणि पूर्ण अर्ज केलेला असेल तर चालू स्वरूपाच्या कामाचा जुना परवाना अंतिम निर्णयापर्यंत संपत नाही. युरोपीय संघाचा 2006 चा सेवा निर्देश आणखी पुढे जातो: ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही तर सर्वसाधारणपणे परवानगी मिळाली असं धरायचं, आणि परवान्याला शक्यतो कालमर्यादाच ठेवायची नाही, अपवाद दोन्हीला आहेत. जिथे अशी तरतूद नाही तिथे मधले दिवस बिनपरवाना धरले जाऊ शकतात. पोचपावतीला म्हणूनच एवढं महत्त्व, आणि अर्ज पूर्ण होता हे दाखवायला जोडलेल्या प्रत्येक कागदाची प्रतही लागते. त्यातून परवाने एकमेकांवर टेकलेले असतात, अग्निसुरक्षेचा दाखला संपलेला असेल तर मुख्य परवान्याचा अर्ज अपूर्ण ठरतो, तेव्हा तारखा उलट्या बाजूने मोजत याव्या लागतात.

व्यवस्थापनाच्या बाजूने ऑस्ट्रेलियाचं 1998 चं एएस 3806 हे अनुपालन व्यवस्थेच्या सुरुवातीच्या मानकांपैकी एक. त्यानंतर आयएसओ 19600 (2014) हे आंतरराष्ट्रीय मानक आलं, ते फक्त मार्गदर्शक होतं, आणि त्याची जागा 2021 मध्ये आयएसओ 37301 ने घेतली, त्यावर प्रमाणपत्र मिळू शकतं. मात्र हे प्रमाणपत्र कंपनीच्या व्यवस्थेचं असतं, सगळे परवाने चालू आहेत याची हमी त्यात नसते. जागतिक बँकेचा व्यवसायसुलभता अहवाल, जो 2021 मध्ये बंद झाला, कंपनी सुरू करायला किती टप्पे आणि किती दिवस लागतात हे मोजायचा, सुरू झाल्यावर दरवर्षीच्या रिन्यूअलचा भार मात्र त्या मापात येत नव्हता.

धंदा किंवा एखादी शाखा बंद करताना परवाना रीतसर सरेंडर करावा लागतो. नुसतं शटर ओढलं तर काही ठिकाणी फी आणि रिटर्न यांची देणी चढत राहतात आणि नोटिसा रिकाम्या पत्त्यावर जातात. सरेंडर केल्याची पोच आणि जुनी रजिस्टरं कायद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत ठेवतात, कारण परवाना चालू असतानाच्या काळातल्या उल्लंघनाची चौकशी नंतरही निघू शकते.