स्थिरविद्युत रंगफवारणी यंत्रणा : सफाई व तपासणी

रंगाच्या कणांना विजेचा भार देऊन ते अर्थिंग केलेल्या धातूच्या वस्तूकडे ओढून बसवणाऱ्या यंत्रणेची निगा. या यंत्रणेत द्रव रंगाची गन आणि कोरड्या पावडरची गन असे दोन प्रकार येतात. द्रव रंगासाठी हे तंत्र अमेरिकेत हॅरॉल्ड रॅन्सबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केले. पावडर कोटिंग १९६० च्या दशकापासून रुळले. खानदेशात जळगाव, भुसावळ व धुळे परिसरातील शेडमध्ये कपाटे, ग्रिल, कूलरच्या बॉड्या अशा पत्र्याच्या कामासाठी दुसरा प्रकार अधिक ओळखीचा आहे.

गनच्या टोकाशी साधारण ३० ते १०० किलोव्होल्ट दाब असतो, पण प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये मोजण्याइतका थोडा. त्यामुळे खरी भीती झटक्याची नसून ठिणगीची आहे. अर्थिंग नसलेला माणूस, बादली किंवा हँगरला लटकलेला पत्रा फवाऱ्याजवळ भार साठवत राहतो. माणसाच्या अंगावर १० किलोव्होल्ट चढले, तर त्यात सुमारे १० मिलिज्यूल ऊर्जा असते. थिनरमध्ये असणाऱ्या टोल्युइन या द्रावकाची वाफ पेटायला पाव मिलिज्यूलही पुरते. पावडरच्या ढगाला यापेक्षा बरीच जास्त ऊर्जा लागते, मात्र बंद बूथमध्ये, म्हणजे फवारणीच्या खोलीत, तो पेटला की स्फोटच होतो.

सफाईची वेळ अधिक जोखमीची, कारण काम संपले म्हणून हात सैल पडतो आणि नेमका तेव्हाच थिनर उघडला जातो. म्हणून आधी हाय व्होल्टेज बंद करून कंट्रोलरचा मुख्य पुरवठा तोडायचा. मग हवेचा व रंगाचा दाब सोडायचा आणि गनचे टोक अर्थ केलेल्या धातूला टेकवून उरलेला भार उतरवायचा. हा क्रम मोडू नये. गनमधून थिनर खेळवून लाइन धुताना हाय व्होल्टेज बंदच हवे, एक्झॉस्ट पंखा चालू हवा आणि थिनर अर्थ केलेल्या धातूच्या डब्यातच पडायला हवा. प्लॅस्टिकची बादली सोयीची वाटते, पण तिच्यावरचा भार वाहून जात नाही.

संपूर्ण गन थिनरमध्ये बुडवून ठेवणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. थिनर मुठीतल्या विद्युत भागांत शिरतो, आतून विजेला वाट मिळते आणि गन निकामी होते. गनचे तोंड खाली धरून, थिनरने ओलसर केलेल्या मऊ ब्रशने पुसावे. नोझलचे छिद्र तारेने किंवा खिळ्याने कोरू नये. पावडरच्या गनला थिनर लावायचाच नसतो. तिचे भाग सुटे करून कमी दाबाच्या कोरड्या हवेने साफ करतात. बूथमध्ये मात्र हवेचा जोरदार झोत मारला की खाली बसलेली पावडर पुन्हा ढग होऊन उठते. तिथे रबरी वायपर आणि ज्वालाग्राही धुळीसाठी बनवलेला व्हॅक्यूमच योग्य. टाकीसारख्या कोंदट जागेत हातात न्यायच्या दिव्याला १९४८ च्या कारखाने अधिनियमाने २४ व्होल्टची मर्यादा घातली होती. लहान बूथ पुसतानाही ती पाळणे शहाणपणाचे आहे.

तपासणीत पहिले लक्ष हुकांकडे द्यावे. दर फेरीला हुकावर रंगाचा थर चढतो आणि तो थरच वस्तू व अर्थ यांच्यामध्ये भिंत होऊन बसतो. वस्तूपासून अर्थपर्यंतचा रोध १ मेगओहमच्या (दहा लाख ओहमच्या) आत असावा. तो साध्या मल्टिमीटरने नव्हे, जास्त व्होल्टेज देऊन रोध मोजणाऱ्या मेगरने मोजावा. रोध वाढला की रंगही नीट चिकटत नाही, म्हणजे कामाची प्रत आणि सुरक्षितता दोन्ही एकाच हुकावर लटकलेल्या असतात. केबलच्या चिरा, गनच्या नळीवरची काळी रेघ आणि सैल क्लॅम्प हेही पाहावे. मूठ धरणाऱ्याच्या अंगावरचा भार मुठीतून उतरतो. तिथे साधे रबरी हातमोजे घातले तर तो उतरायला मार्ग राहत नाही, म्हणून वाहक हातमोजे किंवा तळव्याला कापलेले हातमोजे वापरतात. पायात अँटिस्टॅटिक बूट हवेत आणि पायाखाली पुठ्ठा नको.

खानदेशच्या उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. थिनर म्हणून वापरल्या जाणाऱ्या मिनरल टर्पेंटाइनचा ज्वलनबिंदू, म्हणजे वाफ ठिणगीने पेटण्याइतकी जमते ते तापमान, साधारण ३० ते ४० अंशांचा. हिवाळ्यात त्याची वाफ सहसा पेटण्याइतकी जमत नाही, पण मे महिन्याच्या दुपारी तोच डबा पेट्रोलच्या डब्याइतक्या सावधपणे हाताळायला हवा. म्हणून सफाई सकाळच्या गारव्यात उरकणे चांगले. हवा कोरडी असल्याने कपड्यांवरचा, प्लॅस्टिकवरचा भारही लवकर विरत नाही.

जमिनीचे प्रकरण मात्र नीट समजून घ्यावे. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पाइपाला सोडते आणि खड्ड्याचा रोध वाढतो. स्थिर भार उतरायला एवढा रोध आड येत नाही, कारण तिथे मेगओहमपर्यंत चालते. पण कंट्रोलरच्या बॉडीत मुख्य वीज उतरली, तर एमसीबी (पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) पडण्यासाठी रोध मोजक्या ओहममध्येच लागतो. म्हणून मीठ-कोळशाच्या खड्ड्याला फेब्रुवारीपासून नियमित पाणी द्यावे आणि अर्थ टेस्टरने मोजून नोंद ठेवावी. पावसाळ्यात घेतलेला आकडा एप्रिलमध्ये खरा धरू नये.

थिनरने भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकून रोज शेडबाहेर नेतात. अळशीच्या तेलासारख्या, हवेत सुकणाऱ्या तेलाच्या रंगाच्या चिंध्यांचा ढीग तर ठिणगीवाचूनही आपोआप तापून पेटतो.