दहा सेंटिमीटरची सोय आणि कापसाची एक गाठ

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याजवळच्या एका पॅकहाउसमध्ये केळीचा कंटेनर भरला जात होता. मी खरं तर दुसऱ्याच कामाला गेलो होतो, पण फोर्कलिफ्ट चालताना दिसली की माझे पाय तिथेच थबकतात. कंटेनर थंड ठेवायचा, म्हणजे भिंती जाड. आतली रुंदी जेमतेम २.२९ मीटर. त्यात खोक्यांनी भरलेली दोन पॅलेट (माल रचायचे लाकडी पाट) शेजारी शेजारी बसवायची, एक उभं आणि एक आडवं. १.२ मीटर अधिक १ मीटर, म्हणजे २.२ मीटर. उरले फक्त ९ सेंटिमीटर, तेही दोन्ही भिंती आणि मधली फट धरून.

तोंडाशी उभा असलेला हमाल ओरडत होता, "रावेरकडे घे, भो! अजून... बस! आता जरा फैजपूरकडे!" डावं-उजवं यात माणसं गोंधळतात, पण सावद्याच्या माणसाला रावेर पूर्वेला आणि फैजपूर पश्चिमेला हे झोपेतही ठाऊक असतं. गंमत अशी, की ड्रायव्हरने स्टिअरिंगला हातच लावला नाही. त्याने तिसरा लिव्हर किंचित ढकलला आणि गाडी जागेवरच असताना फोर्क, म्हणजे माल उचलणारे पुढचे लोखंडी दात, मालासकट चार बोटं रावेरकडे सरकले.

या सोयीला साइड शिफ्टर म्हणतात. ती नसती तर काय झालं असतं? फोर्कलिफ्टची मागची चाकं वळतात. माल पाच सेंटिमीटर उजवीकडे न्यायचा तर गाडी मागे घ्या, तिरकी करा, पुन्हा पुढे या, सरळ करा. कंटेनरच्या आत वळायला जागा कुठली? पुढचं टोक एकीकडे वळवायला गेलं की मागचं बूड दुसरीकडे फिरतं आणि पत्र्याला पोचा पाडतं.

आता रचना बघू. गाडीच्या पुढच्या उभ्या खांबांमध्ये, म्हणजे मास्टमध्ये, वर-खाली जाणारा जो सांगाडा असतो तो कॅरेज. त्याला दोन आडव्या जाड पट्ट्या असतात आणि त्यांवर फोर्क अडकवलेले असतात. एक ते अडीच टन उचलणाऱ्या गाड्यांसाठी या कॅरेजची उंची ४०७ मिलिमीटर हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, म्हणून एका कंपनीचे फोर्क दुसऱ्या कंपनीच्या गाडीवर बसतात. साइड शिफ्टर म्हणजे या कॅरेजवर टांगलेली दुसरी चौकट. फोर्क तिच्यावर, ती कॅरेजवर, आणि मध्ये तिला ढकलणारा आडवा हायड्रॉलिक सिलिंडर. सरक बहुधा दोन्ही बाजूंना १०-१० सेंटिमीटर.

वाचायला सोपं वाटतं, पण चौकट भाराखाली सरकवायची आहे आणि खरी कसोटी तिथेच लागते. समजा फोर्कवर २,००० किलो माल आहे आणि त्याचा मध्य चौकटीपासून ५० सेंटिमीटर पुढे. हा माल चौकटीचा माथा पुढे ओढतो आणि पायथा मागे दाबतो. चौकट ज्यांवर सरकते त्या वरच्या आणि खालच्या सरकपट्टीत ४० सेंटिमीटर अंतर धरलं, तर हा आडवा दाब दोन्हीकडे २,५०० किलोंचा येतो. शिवाय माथ्यावर मालाचं सरळ वजन आहेच, २,००० किलो. तिन्हींची बेरीज ७,००० किलो. माल दोन टनांचा, पण पट्ट्यांवर सात टनांची घासाघीस!

लोखंडावर कोरडं लोखंड घासलं, तर एवढ्या दाबाखाली चौकट हलवायला अडीच-तीन टनांचा धक्का लागेल. म्हणून मध्ये नायलॉनच्या किंवा तशाच गुळगुळीत प्लास्टिकच्या पट्ट्या घालतात आणि वर ग्रीस. मग घर्षण साधारण ०.१५ धरता येतं आणि हजार-अकराशे किलोंच्या जोरावर भागतं. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १२० किलो असेल तर सिलिंडरमधला नऊ चौरस सेंटिमीटरचा दट्ट्या (पिस्टन) पुरतो. तो इतका लहान असतो, की चौकटीच्या आडपट्टीआड लपवून ड्रायव्हरची समोरची नजर मोकळी ठेवता येते. फोर्कचं टोक न दिसता चालवणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं.

साध्या सिलिंडरचा दांडा एकाच बाजूने बाहेर येतो. त्या बाजूला दट्ट्याची काही जागा दांडाच खातो, त्यामुळे जोर कमी पडतो आणि वेग वाढतो. चौकट रावेरकडे सावकाश आणि फैजपूरकडे झर्रकन गेली तर ड्रायव्हरचा हात कधीच बसणार नाही. उपाय सरळ आहे, सिलिंडरला दोन्ही टोकांनी दांडे द्यायचे.

आता किमतीकडे येऊ. किंमत रुपयांतली नव्हे, किलोंतली. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. फोर्कलिफ्टही तशीच एक गाडी आहे, फक्त उलटी उभी: पुढची चाकं हा आस, माल त्याच्या पुढे आणि मागे बैलांऐवजी लोखंडी वजन. माल जितका पुढे, तितकी मागची चाकं हलकी. आणि वळणारी चाकं तीच!

अडीच टन उचलणारी गाडी घ्या. आसापासून फोर्कच्या पाठीपर्यंत ४७ सेंटिमीटर, तिथून मालाच्या मध्यापर्यंत ५०. म्हणजे ९७ गुणिले २,५०० किलो एवढा तोल ती सांभाळते. आता त्यावर ६ सेंटिमीटर जाडीची, ७० किलोंची चौकट टांगली. माल पुढे गेला, शिवाय चौकटीचं ओझं वेगळं. हिशेब मांडला की उरतात सुमारे २,३२० किलो. गेले १८०. आपल्याकडे रुईची गाठ १७० किलोंची असते. दहा सेंटिमीटरच्या सोयीसाठी दर खेपेला एक गाठ मोजावी लागते, असं समजा. म्हणून हल्ली चौकट नंतर टांगण्यापेक्षा कॅरेजमध्येच घडवतात. जाडी वाचते, वजन वाचतं. पण टांगती चौकट बिघडली तर काढून ठेवता येते आणि गाडी कामावर राहते. हंगामात हे फार मोलाचं, म्हणून मला तरी तिला मोडीत काढावंसं वाटत नाही.

टांगल्यावर गाडीवरची क्षमतेची पाटी बदलायला हवी. एका जिनिंगच्या आवारात मी जुनीच पाटी पाहिली, अडीच टनांची. मालकाला सांगितलं तर म्हणाला, "साहेब, गाडी तीच आहे ना?"

बाजूचा तोल याहून नाजूक. गाडी तीन कोनांवर उभी असते, पुढची दोन चाकं आणि मागच्या आसाची मधली खीळ. पावणेचार टन वजनाच्या गाडीवर २.३ टन माल १० सेंटिमीटर सरकवला, तर एकूण तोल सुमारे पावणेचार सेंटिमीटर बाजूला जातो. जमिनीजवळ हे चालून जातं. पण माल ४ मीटर उंच असेल आणि जमीन फक्त २ अंश कलती, तर तो सरकवण्याआधीच १४ सेंटिमीटर बाहेर असतो. म्हणून चौकट मधोमध ठेवून माल उचलायचा, तशीच गाडी न्यायची आणि रचायच्या जागी पोहोचल्यावरच सरकवायची. शेजारचं पॅलेट ढकलायला साइड शिफ्टर वापरणारेही भेटतात. तेव्हा फोर्क आडवे वाकतात, आणि ते तशा ताणासाठी घडवलेले नसतात.

आपल्या हवेत सगळ्यात आधी संपतात त्या सरकपट्ट्या. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो, ग्रीस पातळ होऊन ओघळतं, त्यावर धूळ बसते आणि जिनिंगमध्ये वर रुईचे तंतू. हे मिश्रण पॉलिश पेपरसारखं घासतं. पट्ट्या झिजल्या की फोर्कची टोकं खाली झुकतात आणि रिकामी चौकटसुद्धा खडखडते.

सावद्याच्या त्या ड्रायव्हरने शेवटचं पॅलेट ठेवलं, फोर्क बाहेर काढले, लिव्हर मागे घेऊन चौकट मधोमध आणली आणि मगच गाडी वळवली. मग उतरला, वरच्या पट्टीवरून बोट फिरवून काळं ग्रीस बघितलं आणि हमालाला म्हणाला, "रॉकेलचं फडकं दे, भो."