रिकामा जार परत देताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या अंबड येथील प्लांटमधून आपल्याकडे येणारा वीस लिटरचा जार याआधी अनेक घरांत आणि दुकानांत जाऊन आलेला असतो, म्हणून तो परत आल्यावर आम्ही काय करतो आणि आपल्याकडून कोणते सहकार्य हवे, ते येथे सांगत आहोत.

रिकाम्या जारचे बूच काढून आमचा कामगार सर्वप्रथम आतला वास घेतो आणि मग जार दिव्यासमोर धरून ओरखडे, बारीक चीर किंवा हिरवट थर दिसतो का, ते पाहतो. ओरखड्यांत जिवाणूंचा बुळबुळीत थर चिकटून बसतो व तो क्लोरिनलाही सहजी दाद देत नाही, त्यामुळे असा जार वापरण्याजोगा दिसला तरी आम्ही बाद करतो. हे जार पॉलिकार्बोनेटचे असल्याने फार गरम पाणी किंवा तीव्र कॉस्टिक सोडा वापरल्यास प्लास्टिक झिजते आणि त्यातून बिस्फेनॉल-ए हा आरोग्यास अपायकारक मानला जाणारा घटक पाण्यात उतरू शकतो. म्हणून कोमट पाणी व सौम्य अल्कलीयुक्त द्रावणाने धुऊन, निर्जंतुक करून, भरावयाच्या पाण्यानेच शेवटी खळबळतो. त्या शेवटच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन या, अल्कली असल्यास गुलाबी होणाऱ्या रसायनाचे दोन थेंब टाकल्यावर गुलाबी रंग आला, तर द्रावणाचा अंश राहिला असे समजून जार पुन्हा खळबळला जातो.

मात्र प्लास्टिकमध्ये मुरलेले धुण्याने निघत नाही. रॉकेल, टर्पेंटाइन किंवा फिनाईल एकदा जारमध्ये ठेवले, की ते प्लास्टिकमध्ये शिरते आणि पुढे भरलेल्या पाण्यात हळूहळू उतरत राहते. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत फवारणी सुरू झाली, की औषध कालवण्यासाठी हाताशी असलेला रिकामा जार घेतला जातो, हे आम्ही जाणतो. पण काही औषधांना जवळजवळ वासच नसल्याने आमच्या कामगाराचे नाक तेथे उपयोगी पडत नाही.

भरलेला जार गच्चीवर किंवा उन्हात ठेवू नये, कारण प्रकाशात शेवाळ धरते. स्टँडचा नळही आठवड्यातून एकदा काढून धुवावा. आमच्या पाहण्यात तो बहुधा जारपेक्षा अधिक अस्वच्छ असतो.

जारमध्ये पाण्याखेरीज काहीही ठेवले गेले असल्यास त्याच्या गळ्याला सुतळी बांधून ठेवावी. गाडीवरचा मुलगा काही न विचारता तो वेगळा घेईल आणि प्लांटवर तो कापूनच भंगारात जाईल.