नवीन मेंटल जाळणे (गॅसबत्ती)

गॅसबत्तीला, म्हणजे पंपानं हवा मारून रॉकेलच्या वाफेवर जळणाऱ्या दिव्याला, नवं मेंटल बांधलं की पहिल्यांदा उजेड पाडायच्या आधी ते नीट जाळून घ्यावं लागतं, यालाच मेंटल जाळणे म्हणतात. नवीन मेंटल म्हणजे मऊ कापडी जाळीची पिशवी, थोरियम आणि थोड्या सेरियमच्या क्षारात भिजवून वाळवलेली. जाळल्यावर कापड निघून जातं आणि मागं राहतो तो या धातूंच्या ऑक्साइडचा पांढरा सांगाडा, आणि उजेड देतो तो हाच. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये मेंटलचं पेटंट घेतलं, पण ९९ टक्के थोरियम आणि १ टक्का सेरियम हे जमून आलेलं प्रमाण १८९१ चं. नुसत्या थोरियमचा उजेड फिकाच पडतो, खरी करामत त्या एका टक्क्याची. आपल्या केरळच्या किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळू १९०९ मध्ये जर्मन लोकांच्या नजरेत भरली तीसुद्धा या थोरियमपायीच.

कोयनेची वीज १९६२ ला सुरू झाली तरी सातारा-सांगलीकडच्या वाड्यावस्त्यांवर तारा पोचायला पुढं बरीच वर्षं गेली, तोवर लग्नाची वरात, रात्रीचं भजन, जत्रेतला तमाशा सगळं बत्तीवरच चालायचं. पठ्ठे बापूराव ज्या वाळवा तालुक्यातले, त्या भागात तमाशाच्या फडाला बत्तीचा माणूस लागायचाच, आणि मेंटल नीट जाळता येणं हे त्याचं खरं कसब, माझ्या मते हे कसब वाद्य लावण्याएवढंच मानाचं आहे.

बांधताना मेंटल ओढायचं नाही, वाफ जिथून बाहेर येते त्या चिनी मातीच्या तोंडावर दोरा आवळायचा आणि चुण्या चारी बाजूंनी सारख्या पाडायच्या, कारण एका बाजूला कापड गोळा झालं तर जळल्यावर आकार तसाच वाकडा राहतो आणि मग तो सुधारत नाही. दोऱ्याचं लोंबतं टोक कापून टाकायचं. मग बत्तीतल्या छोट्या वाटीत स्पिरीट घालून पेटवायचं. त्या जाळानं वरची रॉकेलची नळी तापते आणि त्यातच मेंटलही जळतं, आधी काळं पडतं, मग आक्रसतं, मग पांढरं होत जातं. इथं घाई करायची नाही. स्पिरीट संपत आलं की हवा मारायची, रॉकेलची वाफ आत आली की मेंटल फुगून गोल होतं आणि पांढरा लख्ख उजेड पडतो. नळी पुरती तापायच्या आधीच हवा मारली तर रॉकेल वाफ न होता कच्चंच येतं, पिवळा भपका उठतो आणि मेंटलवर काजळी धरते, ती पुढं चांगल्या आचेवर जळून जाते पण तेवढा वेळ बत्ती धूर ओकत राहते.

हे काम उघड्यावर करावं आणि पहिला धूर अंगावर घेऊ नये, थोरियम किरणोत्सारी असतं, थोडं का होईना. फुटलेल्या मेंटलची पूड फुंकून उडवायची नाही, ओल्या फडक्यानं टिपून हात धुवायचे. हल्ली बऱ्याच मेंटलमध्ये थोरियमऐवजी यिट्रियम असतं.

एकदा जळालेलं मेंटल बोट लागलं तरी ढासळतं, म्हणून बत्ती उचलून न्यायची असेल तर शक्यतो जागेवर पोचल्यावरच नवं बांधून जाळतात आणि जवळ एक-दोन कोरी मेंटलं ठेवतात. भोक पडलं तर तसंच चालवू नये, त्यातनं ज्योत बाहेर येऊन थेट काचेवर बसते आणि काच तडकते.