सोंग घेऊन प्योंगयांगमध्ये

सोंगाआड सत्य मांडणं कोल्हापूरला नवं नाही. खाडिलकरांच्या 'कीचकवध'मधल्या कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. त्याच नाटकावरून बाबूराव पेंटरांनी इथे 'सैरंध्री' हा चित्रपट केला, १९२० मध्ये. पुढे 'प्रभात' फिल्म कंपनी कोल्हापुरात असतानाच त्यांच्या 'स्वराज्याचे तोरण'ला सेन्सॉरपायी 'उदयकाल' हे नाव घ्यावं लागलं.

पण ही मंडळी आपल्याच रंगमंचावर, आपल्याच पडद्यावर होती. डेन्मार्कचा पत्रकार मॅड्स ब्रूगर सोंग घेऊन थेट हुकूमशहाच्या घरात शिरला. 'द रेड चॅपल' (२००९) हा त्याचा माहितीपट. दोन विनोदी नट घेऊन तो सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या नावाखाली उत्तर कोरियात गेला. सिमॉन यूल आणि याकोब नोसेल, दोघंही जन्माने दक्षिण कोरियाचे, डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेले. 'रेड चॅपल' हे नाटकमंडळीचं नावसुद्धा हिटलरच्या जर्मनीतल्या कम्युनिस्ट हेरांच्या जाळ्यावरून घेतलेलं.

दिवसभराचं चित्रीकरण रोज रात्री तपासणीला द्यावं लागे. मग खरं बोलायचं कसं? याकोबला जन्मापासून स्नायूंचा ताठरपणा आहे, त्यामुळे त्याची जीभ अडखळते. त्याचं डॅनिश तपासनिसांना उमगतच नसे. यजमानांच्या तोंडावर, कॅमेऱ्यासमोर, मनात येईल ते बोलू शकणारा तो एकटाच होता. मला या माहितीपटातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. ज्याला ते नाटकात मागे सारत होते, त्याच्याच तोंडून सत्य बाहेर पडत होतं. अमेरिकाविरोधी मोर्चात सगळ्यांच्या मुठी वर जातात, ब्रूगरचीही. याकोब मात्र मूठ उगारायला नकार देतो. तिथे तो आपल्याच दिग्दर्शकालाही उघडं पाडतो.

यजमानांनी नाटकातला विनोद एकेक करून छाटला आणि आपला प्रचार घुसवला. हुकूमशाहीचं काम कसं चालतं हे त्या तालमींइतकं स्पष्ट कुठलं भाषण सांगणार नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात या माहितीपटाला जागतिक माहितीपट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पुढे ब्रूगरने 'द मोल' (२०२०) केला. त्यातला सामान्य डॅनिश माणूस सुमारे दहा वर्षं उत्तर कोरियाच्या समर्थकांत मिसळून राहिला होता.

पण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही ती श्रीमती पाक, सरकारने सोबत दिलेली मार्गदर्शक. ती याकोबला पोटच्या पोरासारखं कवटाळते आणि रडते. ती माया होती की नेमून दिलेलं काम, हे याकोबलाही नीट कळत नाही. आणि हा कॅमेरा कशासाठी आलाय, हे तिला ठाऊक नाही.