फुकटची गाडी आणि कमावलेली गाडी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, दुपारी गल्ल्या ओस पडतात आणि पोरं घरात बसून गाड्यांच्या शर्यतीचे गेम खेळतात. काही गेममध्ये भारी गाडी सुरुवातीलाच मिळते, काहींत ती कमवावी लागते. धुळ्याचा माझा भाचा दुसऱ्या प्रकारची गाडी मुद्दाम दाखवतो: "मामा, हाई फुकटनी नही, कमाडेल शे!"

१९६३ साली ग्लेन जेन्सन या मानसशास्त्रज्ञानं उंदरांपुढे भांड्यात आयतं खाणं ठेवलं. शेजारी एक दांडी होती. ती दाबली की खाण्याचा तुकडा पडायचा. आयतं समोर असूनही उंदीर दांडी दाबून खायला गेले. पुढे इतर अनेक प्राण्यांत हेच दिसलं. घरची मांजरं मात्र अपवाद निघाली! याचं एक स्पष्टीकरण मला पटतं: दांडी दाबताना खाण्यासोबत माहितीही मिळते, काय केलं की काय होतं याची.

मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचं वागणं याला जुळतं. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत, फळांचा रस अचानक मिळाला की डोपामाइनच्या पेशी जोरात चेतायच्या. रस येणार हे खुणेवरून आधीच कळू लागल्यावर रस मिळताना त्या शांत राहायच्या. म्हणजे या पेशी मोजतात तो अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक. पहिली फुकटची गाडी म्हणूनच सुखावते. प्रत्येक शर्यतीनंतर गाडी मिळू लागली की अंदाज पक्का होतो आणि फरक उरत नाही.

मग कष्ट जितके जास्त तितका आनंद मोठा? नाही. १९९७ च्या 'ग्रॅन टुरिस्मो' या शर्यतीच्या गेममध्ये लायसन्सच्या परीक्षा होत्या. ब्रेक नेमका कुठे दाबायचा, वळणात कधी शिरायचं, हे पुन्हा पुन्हा चुकत शिकावं लागे. सगळ्या परीक्षांत सुवर्ण मिळवलं की बक्षीस म्हणून गाडी. २०२२ च्या 'ग्रॅन टुरिस्मो ७' मध्ये मॅकलारेन एफ१ या गाडीची किंमत होती १ कोटी ८५ लाख क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे! त्यात मार्चमधल्या अपडेटनं काही शर्यतींची बक्षिसं घटवली. खेळणारे भडकले, कंपनीनं माफी मागितली आणि १० लाख क्रेडिट वाटले. एवढे क्रेडिट जमवणं हीही कमाईच, पण एकच शर्यत घोकून केलेली. हाताला त्यातून नवं काही येत नाही. कुलूप असावं, पण ते कौशल्यानं उघडावं, नुसते तास घालवून नव्हे.

'फोर्झा होरायझन' या दुसऱ्या गेममधलं बक्षिसांचं फिरतं चक्र मला याहून खटकतं. नशीब लागलं तर गाडी, नाहीतर किरकोळ काहीतरी. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पत्त्यांच्या डावासारखंच ते उठू देत नाही. बक्षीस कितव्या खेपेला येईल हे ठरलेलं नसेल तर प्राणी सर्वांत चिवटपणे प्रयत्न करत राहतात, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी दाखवलं होतं.

ज्यांचा हात चालत नाही किंवा ज्यांच्याकडे वेळ थोडा आहे, त्यांच्यासाठी सोपी वाट हवीच. ब्रेकला मदत करणारी सोय द्यावी, वेळेचं लक्ष्य थोडं सैल करावं. सगळ्या गाड्या पहिल्याच दिवशी मोकळ्या करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.