पडद्यावर कोण दिसतं आणि कोणाचं चालतं

एखाद्या रशियन प्रेमपटावर लिहिताना ‘विविधता आहे, म्हणजे प्रतिनिधित्वही आहे’ असं सहज लिहून टाकलं जातं. पण या दोन गोष्टी वेगळ्या, आणि तपासायची रीतही वेगळी. विविधता म्हणजे पडद्यावर कोणकोण आहे. प्रतिनिधित्व म्हणजे त्यांच्या वाट्याला काय आलं आहे: निर्णय कोण घेतं, शेवटचा शब्द कोणाचा, आणि कथा कोणाच्या नजरेतून सांगितली आहे.

१९४१चा ‘द स्वाइनहर्ड अँड द शेफर्ड’ हा इव्हान पिर्येव्हचा संगीतपट घ्या. उत्तर रशियातल्या व्होलोग्दाकडची रशियन मुलगी आणि कॉकेशसमधल्या दागेस्तानचा मेंढपाळ मॉस्कोच्या कृषी प्रदर्शनात भेटतात आणि प्रेमात पडतात. विविधतेच्या रकान्यात भरघोस नोंद होते. पण मेंढपाळ मुसाइबची भूमिका व्लादिमिर झेल्दिन या रशियन नटाने केली आहे. दागेस्तान इथे पोशाखातून आणि उच्चाराच्या लकबीतून येतं. मोजणी इथेच थांबवली तर ही बाब निसटते.

‘मॉस्को डझ नॉट बिलीव्ह इन टिअर्स’चं उलट आहे. व्लादिमिर मेन्शॉव्हच्या या चित्रपटाला परकीय भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. सोव्हिएत संघात १५ प्रजासत्ताकं होती, पण यातली मुख्य पात्रं जवळपास सगळी रशियन आहेत. वांशिक विविधता कमीच. मात्र १९५८च्या मॉस्कोत कामगार वसतिगृहात राहणाऱ्या तीन मुली, त्यांची कारखान्यातली आणि बांधकामावरची कामं, एकल मातृत्व यांना पडद्यावर भरपूर जागा आहे.

म्हणून स्त्री-प्रतिनिधित्वाला पूर्ण गुण द्यावेत का? नाही. त्या तिघींपैकी कतेरिना कारखान्याची संचालक होते, पण दुसऱ्या भागाचा बराच वेळ तिचा प्रियकर गोशा याच्याभोवती फिरतो. तो तिला बजावतो की यापुढे सगळे निर्णय मीच घेणार, कारण मी पुरुष आहे. तिचं पद कळताच तो दुखावून निघून जातो. त्याला शोधून आणायला तिच्या मैत्रिणीचा नवरा निघतो. हा प्रसंग थांबवून पाहावा: रुसणं त्याचं, आणि समजूत काढायचा भार मात्र तिच्या बाजूच्या माणसांवर. पटकथा व्हॅलेंटिन चेर्निख या पुरुषाची आहे, हीही नोंद करावी. पण तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, प्रसंगच पुरावा मानावा.

प्रत्यक्ष तपासणीसाठी चित्रपट दोनदा पाहावा लागतो. पहिल्या वेळी बोलणारं नवं पात्र आलं की थांबवून नाव, वय, काम, मूळ गाव, समाज आणि भाषा लिहा. निनावी पात्रं वेगळ्या ओळीत. दुसऱ्या वेळी चार-पाच कळीचे प्रसंग निवडा: विचारतं कोण, ठरवतं कोण, बोलणं कोणाचं तोडलं जातं. मग नट, पटकथाकार आणि दिग्दर्शक त्या पात्रांच्या समाजातले आहेत का, ते पाहा.

चुका बहुधा तीन ठिकाणी होतात. अमेरिकेतल्या वर्णाच्या चौकटी जशाच्या तशा लावल्या, तर तातार, याकूत, कबार्दी या रशियातल्या वेगवेगळ्या वांशिक समाजांमधला भेदच हाती लागत नाही. रशियाचा नागरिक आणि वंशाने रशियन हे एकच धरले, तर मोजणीच चुकते. तिसरी चूक उपशीर्षकांची, आणि ती सर्वात फसवी. कांतेमिर बालागोव्हच्या ‘क्लोजनेस’मध्ये (२०१७) कॉकेशसमधल्या नाल्चिक शहरातली ज्यू मुलगी आणि कबार्दी तरुण यांचं नातं आहे. पात्रं रशियन आणि कबार्दी दोन्ही बोलतात. उपशीर्षकात मात्र दोन्ही भाषा एकाच इंग्रजीत येतात. कोणासमोर कोण भाषा बदलतं, हे कानानेच पकडायला हवं. शक्य असेल तर कबार्दी येणाऱ्या माणसाला शेजारी बसवा. बालागोव्ह स्वतः नाल्चिकचा, कबार्दी. त्यामुळे इथे कबार्दी पात्रं आतल्या नजरेने रंगवली आहेत. ज्यू कुटुंबाबद्दल तसं म्हणता येणार नाही, म्हणून त्याची नोंद वेगळी ठेवावी.

अहवालातही विविधता आणि प्रतिनिधित्व या दोन्हींचे निष्कर्ष दोन स्वतंत्र परिच्छेदांत लिहा. सरासरी काढून एकच गुण देऊ नका.